मोर्चात पुढे आम्ही, बैठकीत मागे

वाचकाचं पत्र, थोडक्यात

"मी जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात ठेकेदाराकडे १२ वर्षांपासून मशीनवर आहे. शिक्षण दहावी. चार वर्षांपूर्वी शिकलेल्या मुलामुलींच्या एका डाव्या गटात गेलो. पगाराची स्लिप वाचायला त्यांनीच शिकवलं, ते विसरणार नाही. मागच्या वर्षी ओव्हरटाइमसाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. निवेदनावर पहिली सही माझी, आणि फोटो फेसबुकवर. दुसऱ्या दिवशी मला अन् तिघांना गेटवरून परत पाठवलं. पाच आठवडे घरी बसलो. गटाने निषेधाचं पत्रक काढलं आणि मग ते दुसऱ्या आंदोलनात गेले. शेवटी ठेकेदाराने दोन-तीन कागदांवर सह्या घेऊन परत कामावर घेतलं. बायकोने तेव्हा बचत गटातून २० हजार उचलले, ते अजून फिटले नाहीत. आमच्याकडचे चाळीसेक जण महिन्याला ५० रुपये वर्गणी देतात. हिशेब विचारला तर म्हणाले, 'आपल्यात विश्वास पाहिजे.' नाशिकच्या शिबिरात आमच्या अहिराणीत बोललो तर एका ताईने सगळ्यांसमोर माझा शब्द सुधारला. त्यांचं अर्धं बोलणं, माले समजनं नही. मेहुणा म्हणतो, सत्तेतल्या पक्षाच्या युनियनमध्ये ये, एका फोनवर काम होतं. बायको म्हणते, सगळंच सोडा. ही माणसं आमची आहेत का? सोडलं तर मी गद्दार का?"

— एक कामगार, जळगाव

उत्तर

भाऊ,

गद्दारीचा विषय आधी संपवू. ज्याने पहिली सही केली, पाच आठवडे मजुरी बुडवली आणि तरी वर्गणी थांबवली नाही, त्याला गद्दार म्हणायचा हक्क कोणालाच नाही. हिशेब मागणं हे सभासदाचं कामच आहे.

गटात राहायचं की नाही, ते पुढे पाहू. त्याआधी तुमच्या पत्रातली एक ओळ आम्हाला जास्त काळजीची वाटते. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे: "दोन-तीन कागदांवर सह्या घेऊन परत घेतलं." त्या कागदांवर काय होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा वाचू दिलं नाही. ठेकेदाराकडे अशा वेळी सहसा दोन प्रकारचे कागद असतात. एक राजीनामा किंवा "पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला" अशी पावती, आणि दुसरा नव्या नेमणुकीचा अर्ज. दोन्हींवर सही झाली असेल तर तुमची १२ वर्षं कागदावर संपली आणि तुम्ही वर्षभरापूर्वी लागलेले नवे कामगार ठरलात.

याने काय जातं ते आकड्यात बघा. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब असा असतो: महिन्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ आणि भत्ता मिळून १३ हजार धरले तर वर्षाला ७,५०० आणि १२ वर्षांचे ९० हजार होतात. नोकरी तुटलेली दाखवली की हे ९० हजार वादात सापडतात. पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. नव्या ठेकेदाराच्या नावावर नवा यूएएन (पीएफचा कायमचा खाते नंबर) उघडला असेल आणि जुनी सेवा त्याला जोडली नसेल, तर तिथेही मोजणी पहिल्यापासून सुरू.

म्हणून या आठवड्यात मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा आणि सेवेचा इतिहास बघा. यूएएन तोच आहे का, रुजू झाल्याची तारीख कोणती लावली आहे, "काम सोडल्याची तारीख" भरली आहे का, आणि भरली असेल तर कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबरही तपासा, तो आयुष्यभर एकच असतो. दोन यूएएन निघाले तर जुना नव्यात वर्ग करायचा अर्ज ऑनलाइन होतो. तारीख चुकीची असेल तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नंबर वहीत लिहून ठेवा.

त्या पाच आठवड्यांचा पुरावाही आता गोळा करा. गेट बंद झालं की मालक कधीच "काढला" म्हणत नाही, "स्वतःहून यायचा बंद झाला" म्हणतो. त्यावर एकच उपाय चालतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचा असतो: ठेकेदार आणि कारखान्याचा मालक, दोघांनाही स्पीड पोस्टाने एक पानाचं पत्र. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीला, कोणी अडवलं, आणि "मी कामावर हजर व्हायला तयार आहे." पावती आणि पोच जपायची. तुमच्या गटात शिकलेली इतकी माणसं असताना हे पत्र गेलं नाही, आणि निषेधाचं पत्रक मात्र निघालं. आमचा खरा राग इथे आहे. पत्रकाने त्यांचं मत जगाला कळलं. एका साध्या पत्राने तुमची नोकरी कागदावर जिवंत राहिली असती.

आजही सगळं गेलेलं नाही. चौघांनी मिळून त्या काळातले बँकेचे उतारे, हजेरी कार्डाचे फोटो, सुपरवायझरशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज एका जागी करा. सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या: आम्हाला या तारखेपासून या तारखेपर्यंत काम नाकारलं, परत घेताना मजकूर न दाखवता सह्या घेतल्या, आमची सेवा सलग धरावी. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामावरून काढल्याचा वाद कामगाराने स्वतः नेण्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत ती दोन वर्षं आहे. तुमचं एक वर्ष गेलंच आहे. ओव्हरटाइमच्या थकबाकीला मात्र नव्या वेतन संहितेत तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं आणि दर दुप्पट असतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून प्रत्येक अर्जात दोघांचीही नावं घाला. फक्त ठेकेदाराचं नाव घातलं की मालक हात झटकतो आणि पुढच्या महिन्यात ठेकेदार फर्मचं नाव बदलतो.

आता गटाकडे येऊ.

ही माणसं वाईट आहेत असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्यातले बरेच जण मनापासून येतात, उन्हात उभे राहतात, पोलिसांची केसही अंगावर घेतात. अडचण मनाची नाही, मांडणीची आहे. अशा गटात काम मोजतात ते कार्यक्रमावर: मोर्चा झाला, निवेदन दिलं, बातमी आली, झालं. कामगाराचं काम कार्यक्रम संपल्यावर सुरू होतं: तारखा, पाठपुरावा, साहेबांच्या टेबलावर अडकलेली फाईल. त्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून ते कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय लढा फसला तर प्राध्यापकाचा एक रविवार जातो, विद्यार्थ्याचा एखादा पेपर राहतो. तुमचं गेट जातं. फसण्याची किंमत एकाने भरायची आणि कधी, कसं लढायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, असं चाललं की माणसं किती का चांगली असेनात, कामगार भरडला जातोच. वर्गभेदावर भाषण करणाऱ्या गटातही वर्गभेद असतो. तो बैठकीच्या वेळेत, पावती पुस्तकात आणि निवेदनाच्या पहिल्या सहीत दिसतो.

दुसरं कारण जागेचं आहे. या गटांची लढायची पद्धत मिलच्या काळातली आहे. अमळनेरच्या प्रताप मिलच्या कामगारांनी १९४६ मध्ये गोळ्या झेलल्या, तेव्हा एक मिल होती, एक गेट, एक मस्टर आणि हजारो माणसं. गेटवर सभा घेतली की सगळे भेटत, आणि एकाला काढलं की सगळ्यांना कळे. आज तुमच्या एमआयडीसीत चटई, पाइप, डाळ मिल असे शेड आहेत. एकाच छताखाली दोन-तीन ठेकेदार, एकाकडे १८ माणसं तर दुसऱ्याकडे २५. पाळी १२ तासांची. एका ठेकेदाराच्या माणसाला काढलं तर शेजारच्या मशीनवरच्याला चार दिवसांनी कळतं. अशा ठिकाणी जुन्या पद्धतीचा मोर्चा काढला की गर्दी जमते चाळीसची आणि उघडे पडतात नेमके चार.

तुमचा प्रश्न खान्देशाला नवा नाही. धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, तो याच भांडणातून: वर्गाबरोबर जातीचा प्रश्न घ्यायला पक्ष तयार नव्हता. म्हणजे गटात कोण बोलतो, कोणाचं दुःख अजेंड्यावर येतं, हे विचारणारा माणूस डावा राहूनही वेगळा होऊ शकतो. शहाद्याकडे उलटं उदाहरण आहे. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा अंबरसिंग सुरतवंती आधीपासून तिथे काम करत होते, आणि ते स्वतः भिल्ल समाजातले होते. शहरातली शिकलेली मुलं त्यानंतर आली आणि तिथेच राहिली. विषय तिथल्या माणसांचे होते: सावकाराकडे गेलेली जमीन, सालदाराची मजुरी आणि बायकांनी पुढे होऊन फोडलेली दारूची मडकी. बाहेरचे आले म्हणून काही बिघडलं नाही, कारण आत आधीच कोणीतरी उभं होतं. जळगावला तुमच्या चाळीस जणांत असं कोण आहे, हे तुम्हीच बघायचं आहे. पत्र वाचून आम्हाला वाटतं, तुम्ही स्वतः आहात.

म्हणून आमचा सल्ला असा: गट लगेच सोडू नका, पण गटाच्या कमिटीच्या भरवशावरही राहू नका. चाळीस जणांतून सात ते नऊ कामगारांची वेगळी समिती करा, दर शेडमधून किमान एक आणि बायका किमान दोन. डाळ मिलमध्ये निवड करणाऱ्या बायकांना वगळून एमआयडीसीतलं कोणतंही मागणीपत्र पूर्ण होत नाही. गेट, मजुरी आणि तडजोड यावरचा निर्णय ही समिती घेईल. नियम एकच आणि तो लिहून ठेवा: ज्याचं गेट बंद होऊ शकतं त्यालाच मत. बाहेरच्या मित्रांनी बसावं, बोलावं, कायदा सांगावा, अर्ज टाइप करावेत. हात वर करायचा नाही. कायद्यालाही हे नवीन नाही. असंघटित क्षेत्रातल्या युनियनचे निम्मे तरी पदाधिकारी त्या कामातलेच असावे लागतात. इतर युनियनमध्ये बाहेरचे एक तृतीयांश किंवा पाच, यांतले जे कमी असेल त्याहून जास्त चालत नाहीत.

मग पैसे. ४० जण, ५० रुपये, म्हणजे महिन्याला २,०००. सगळे पहिल्यापासून देत असतील तर चार वर्षांत ९६ हजार झाले. ही रक्कम विश्वासावर सोडण्याइतकी लहान नाही. छापील नंबरचं पावती पुस्तक मागा, स्थळप्रत त्यातच राहिली पाहिजे. बँक खातं दोन सह्यांचं, त्यातली एक कामगाराची. दर महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं जमा-खर्च मोठ्याने वाचायचा, बिलासकट. चोरी झाली असेल असं आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा पैसे बॅनर, रिक्षावरचा भोंगा, हॉलचं भाडं, शिबिराला जाणाऱ्यांचं तिकीट यात गेलेले असतात आणि कोणी लिहिलेलं नसतं. पण लिहिलं गेलं की लगेच दिसतं, कामगारांच्या वर्गणीतून कामगारासाठी किती गेले.

वर्गणीचा दरही बदलायला सांगा. १३ हजार कमावणारा ५० देतो आणि लाखभर पगाराचा प्राध्यापकही ५० देतो, याला समानता म्हणत नाहीत. महिन्याच्या कमाईच्या अर्धा टक्का धरा: तुमचे ६५ होतील, प्राध्यापकाचे ५००. असे पगारदार दहा असले तर महिन्याला ५,००० त्यांच्याकडूनच येतील. हा ठराव ज्या दिवशी मांडाल त्या दिवशी कोण गप्प बसतं ते नीट बघा.

यातून "गेट निधी" वेगळा काढा, त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही. तो किती लागतो याचा हिशेब मोर्चाच्या आधी करतात, नंतर नाही. रोज ५०० धरला, तर चार माणसं पाच आठवडे घरी बसली म्हणजे १२० रोज, ६० हजार रुपये. तुमच्या ५० मधले २० बाजूला टाकले असते तरी वर्षाला ९,६०० जमले असते, म्हणजे एका माणसाचेही पाच आठवडे निघाले नसते. हा आकडा समोर असता तर चार माणसं उघडी पडतील असा मोर्चा कोणी काढलाच नसता. निधी पुरणार नसेल तर लढायची पद्धत बदलायची, माणूस पणाला लावायचा नाही.

पद्धत बदलायची म्हणजे असं. निवेदनावर सह्या गोलात घ्या, चक्रासारख्या, म्हणजे पहिली कोणाचीच नसते. ते शक्य नसेल तर पहिल्या पाच सह्या बाहेरच्यांच्या: वकील, निवृत्त कामगार, प्राध्यापक. त्यांना ठेकेदार गेटवरून परत पाठवू शकत नाही. फोटो पाठमोरे घ्या, आणि टाकायचे तर दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारून. मोर्चाच्या रात्रीच फेसबुकवर टाकलेला फोटो सुपरवायझर सकाळच्या पाळीआधी बघतो. तुमच्या बाबतीतही बहुधा तेच झालं. कामगारांच्या नावांची आणि मोबाईल नंबरांची यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर फिरवू नका, ती समितीच्या वहीत ठेवा. आणि गटातलं कोणी "एक दिवसाचा लाक्षणिक संप" म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा: नोटीस कोणी दिली, कोणत्या तारखेला? नव्या औद्योगिक संबंध संहितेत कुठल्याही कारखान्यात संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपात भाग घेतला तर कामगारालाही दंड आहे. पूर्वी नोटिशीची ही सक्ती पाणी, वीज, रेल्वे अशा सेवांनाच होती, त्यामुळे बऱ्याच जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात अजून जुना नियम असतो.

युनियनची नोंदणी करायला घाई नको, पण तयारी ठेवा. अर्जाला सात जण पुरतात. मात्र तिथल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद दाखवावे लागतात. एका ठेकेदाराच्या १८ माणसांची युनियन काढू नका. ठेका बदलला की ती युनियन संपते. एमआयडीसीतल्या चटई-प्लास्टिक कामगारांची, सगळ्या शेडमधली, अशी करा. पडताळणीला नावं बाहेर येतात हे गृहीत धरा आणि त्याआधी प्रत्येकाचा यूएएन, ईएसआय नंबर आणि सहा महिन्यांचा बँक उतारा समितीच्या फाईलला लागलेला हवा. माणूस काढला गेला तर तो तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं.

बैठकीची वेळ ही किरकोळ गोष्ट समजू नका. रविवारी सकाळी अकराचा अभ्यासवर्ग रात्रपाळी करून आलेल्याला नको होतो, आणि संध्याकाळी सातची बैठक भाकरी टाकणाऱ्या बाईला जमत नाही. पाळी बदलते त्या वेळेला, वस्तीतल्या समाजमंदिरात, ४५ मिनिटं. गेटजवळच्या टपरीवर नको, तिथे सुपरवायझरही चहाला येतो. बोलायला कामगार आधी, बाहेरचे शेवटी आणि पाच मिनिटं. नाशिकच्या दोन दिवसांच्या शिबिराला जायचं तर दोन रोज बुडतात. हॉलचं भाडं भरणाऱ्या गटाने खाडाही भरून द्यावा, तिकीटही. हे मागताना संकोच करू नका. पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन मिळतं, मग तुमचा बुडालेला रोज त्याहून स्वस्त का?

भाषेवरून तुम्हाला जे लागलं ते आम्हाला समजतं. तुमचा शब्द कोणता होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो बाईला किंवा एखाद्या जातीला कमी लेखणारा असेल तर बदला, त्यात लाज नाही. पण सांगायची जागा चुकली. चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पुढच्या वेळी तुम्ही अहिराणीतच बोला. समोरच्याला कळलं नाही तर तो विचारेल. आणि त्यांचा एखादा शब्द कळला नाही तर तिथेच हात वर करून "साध्या भाषेत सांगा" म्हणा. चार वर्षं मान डोलावत बसल्यामुळे त्यांना वाटतंय की सगळ्यांना कळतं.

मेहुण्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. सत्तेतल्या माणसाचा फोन गेला की गेट उघडतं. पण फोन करणारा तोच, थांबवणाराही तोच, आणि निवडणुकीत त्याची परतफेड तुमच्याकडून घ्यायची असते. तरी तोंडावर नाही म्हणू नका. त्यांनाही तेच विचारा: पावती मिळेल का? मालकाशी झालेल्या कराराची प्रत सभासदाला देता का? मागच्या तीन वर्षांत किती जणांची सेवा सलग करून घेतली, आणि ते कागद दाखवता का? युनियनचा अध्यक्ष कोणत्या ठेकेदाराचा नातेवाईक आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाहेरून काढा, तो सांगणार नाही.

गटाला हे सगळं तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की "कॉम्रेड नाराज आहे" एवढंच मागे उरतं. एका पानावर लिहा: हिशेब, गेट निधी, मत कोणाला, बैठकीची वेळ, आणि आमच्या चौघांचा पाठपुरावा कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि तारीख. खाली जमतील तेवढ्या कामगारांच्या सह्या, गोलात. तीन महिन्यांची मुदत द्या. आमचा अनुभव सांगतो, बहुतेक गट पहिल्या महिन्यात रागावतात. दुसऱ्या महिन्यात त्यांच्यातले दोघे-तिघे बाजूला येऊन "तुमचं बरोबर आहे" म्हणतात. ते दोघे-तिघे टिकवा, पुढे गट राहो न राहो. कामगार न्यायालयात अर्ज लिहून देणारा एक माणूस दहा वक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तीन महिन्यांनी काहीच हललं नाही तर बाहेर पडा, पण गुपचूप नाही. गुपचूप गेलेल्याची गटाच्या वहीत "निष्क्रिय झाला" अशी नोंद होते, आणि पुढचा कामगार त्याच खड्ड्यात पडतो. लेखी कळवा, पावती पुस्तक तुमच्याकडे असेल तर मोजून परत करा आणि परत केल्याची सही घ्या, त्यांच्या पत्रकांवरून नाव काढायला सांगा. कामगारांच्या फाईली मात्र समितीकडेच राहतील, त्या गटाच्या नाहीत.

राहिलं वहिनींचं. त्यांनी उचललेले २० हजार कोणत्या दराने आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. बचत गटांत महिना शेकडा २ हा दर बऱ्याच ठिकाणी चालतो. तसा असेल तर नुसतं व्याज महिन्याला ४०० होतं. तुमच्या ५० रुपयांच्या वर्गणीच्या आठपट. हे कर्ज तुमचं खाजगी नाही, मोर्चाच्या खर्चातच ते धरायला हवं होतं. उरलेल्या तिघांच्या घरीही असंच काही झालं असेल. चारही घरांतल्या बायकांना पुढच्या बैठकीला बोलवा आणि पाच आठवड्यांचा घरखर्च, उसनवारी, व्याज त्यांनाच मांडू द्या, कागदावर, आकड्यात. हा विषय क्रमांक एक. पुढच्या मोर्चाची तारीख हा विषय त्याच्यानंतर घ्या.